वहिनीची दोन बोटं

आमच्या पुढच्या खोलीत घड्याळ नाही. पूर्वी होतं. एकतीस वर्षांपूर्वी वहिनीने तिथे खुर्ची मांडली आणि पहिल्याच आठवड्यात घड्याळ उतरवून आतल्या खोलीत दादाच्या पलंगाच्या वर नेऊन टांगलं. "बाई खुर्चीत पडली की घड्याळाकडे बघते, आणि घड्याळाकडे बघितलं की कपाळाला आठी पडते. आता मी चेहऱ्याला लेप लावू की आठीला?" असं तिचं म्हणणं. दादा माझा सख्खा भाऊ. विजेची कामं करायचा, आता घरी बसून रेडिओशी वाद घालतो. घड्याळाबद्दल त्याने तेव्हाही काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. या घरात बोलायचं काम आम्हा नणंद-भावजयीकडे आहे, आणि ते आम्ही चोख करतो असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली, जुनी. पाठ मागे टाकायचा दांडा ओढला की ती एकदम खटकन कोसळते आणि नवं गिऱ्हाईक "अगं आई गं!" म्हणून ओरडतं. वहिनी शांतपणे म्हणते, "झालं. यापुढे काही दुखणार नाही." मग निळी चादर गळ्यापासून पायापर्यंत, केसांना पट्टी, कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल. तो उचलला की कामाला सुरुवात.

वहिनी स्क्रब आणि मास्क असं म्हणत नाही. ती म्हणते घासणं आणि लेप. वाटलेली साखर, ओट्सचं पीठ, थोडा मध, झालं घासणं. पांढरी माती, दही, काकडीचा रस, झाला लेप. ज्याची त्याची कातडी बघून यात दहा बदल होतात, पण क्रम बदलत नाही. आधी घासणं, मग लेप. कोणी उलटं केलं की ती म्हणते, "आधी पुसून मग झाडतेस का गं घरी?" आणि घासायचं किती? हा प्रश्न तिला प्रत्येक बाई विचारते. कोणाला तीन मिनिटं सांगितलेली असतात, कोणी फोनवर बघून पाच करते. वहिनी आपली अंगठ्याजवळची दोन बोटं वर करते. "ही सांगतात तेव्हा थांबायचं."

तिला हे शिकवलं एका म्हाताऱ्या बाईने, टोमॅटोवर. पिकलेला टोमॅटो घ्यायचा, ओला करायचा, त्यावर साखर घेऊन दोन बोटांनी गोल गोल घासायचं. साल गुळगुळीत व्हायला हवी, पण फाटता कामा नये. साल फाटायच्या जरासं आधी बोटाखाली काहीतरी बदलतं म्हणे. काय बदलतं ते तिला शब्दांत कधी सांगता आलं नाही. पंधरा दिवस ती टोमॅटो घासत होती, आणि दादाने नव्या नवरीच्या कौतुकात ते फाटके टोमॅटो खाल्ले. सोळाव्या दिवशी एकही फाटला नाही. मग म्हातारीने स्वतःचा गाल पुढे केला.

ती बोटं काय काय ओळखायची ते मी बघितलंय. गणिताच्या बाई खुर्चीत पडल्या, वहिनीने कपाळावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "साबण बदललात." बाई उठून बसल्या. कोण झोपलं नाही, कोण रात्रभर रडलं, कोणी जावेच्या क्रीमवर हात मारला, सगळं तिला बोटांतून कळायचं. डोळे मिटून काम करायची. तोंड चालू, डोळे बंद, बोटं आपली चालताहेत.

मी या घरात चौदाव्या वर्षी आले, आई गेल्यावर. चेहरा पुटकुळ्यांनी भरलेला, मान खाली. वहिनी तेव्हा एकवीस वर्षांची. पहिल्या रविवारी दुपारी तिने मला ओट्यापाशी बसवलं, खुर्ची तेव्हा नव्हतीच, आणि म्हणाली, "पुटकुळ्यांवर घासायचं नसतं, आजूबाजूने जाऊ." ती आजूबाजूने गेली. तेव्हापासून रविवारची दुपार माझी. मी शाळेच्या ऑफिसात कारकून झाले, केस पिकले, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच, पण रविवार चुकला नाही. लिहायला लाज वाटते पण खरं आहे ते लिहिते. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी तो हात मला लागला.

म्हणजे दुखलं. घासताना आधी वाटलं साखर जाड वाटली गेली असेल. मग वाटलं माझीच कातडी म्हातारी झाली. वहिनीचे डोळे नेहमीसारखे मिटलेले, समोरच्या इमारतीत कोणाच्या सुनेने काय केलं ते चाललेलं, आणि दोन बोटं माझ्या गालावर अशी फिरताहेत की जणू पातेल्याची करपलेली बाजू काढताहेत. तिने चेहरा धुतला, टिपला आणि ओलसर असतानाच लेप लावला. तेव्हा कळलं. वहिनी नेहमी म्हणते, घासणं जास्त झालं तर ते घासताना लपतं, पण लेप चुगलखोर आहे, तो सांगून टाकतो. घासल्यावर चेहऱ्याची दारं उघडी असतात, त्यातून जे जायचं ते थेट आत जातं. माझ्या आत जणू कोणी तिखट टाकलं. चादरीखाली माझ्या दोन्ही पायांचे अंगठे आत वळले.

"कसं वाटतंय?" वहिनीने विचारलं.

"छान वाटतंय," मी म्हणाले.

का म्हणाले? पहिल्या वेळेला सहज म्हणाले. एखाद्या दिवशी जेवणात मीठ जास्त पडतं, त्याचा कोणी बोभाटा करतं का? पण दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी बघितलं, ती सुईत दोरा ओवत होती आणि सुई बोटांतून पडली. तिला पडलेली कळलीच नाही. बोटं तशीच चिमटीत धरून ती दोरा शोधत राहिली. मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. सकाळी उठून ती हात झटकायची, पाणी उडवल्यासारखे. बरणीचं झाकण दादाकडे द्यायची. "मुंग्या येतात जरा," म्हणायची, आणि मी म्हणायचे, "वय झालं, मला तर पायाला येतात."

आणि टोमॅटो. त्या दिवसांत घरात जे शिजेल त्यात टोमॅटो. भाजीत टोमॅटो, भातात टोमॅटो, एकदा तर मी डबा उघडला आणि ऑफिसातला शिपाई म्हणाला, बाई, टोमॅटोची बाग घेतली का? मी घरी येऊन वहिनीला तेच चिडवलं. ती हसली. मीही हसले. एवढी मोठी कारकून मी, दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका लाल पेन्सिलीने काढते, पण समोरचा टोमॅटो मला वाचता आला नाही.

गिऱ्हाइकं कमी होत होती. वहिनीची एक चिठ्ठी असायची, स्वतःच्या हाताने लिहिलेली, बायकांना घरी करता यावं म्हणून. आठवड्यातून एकदाच. चेहरा आधी धुवा. घासणं ओल्या चेहऱ्यावरच, दोन बोटांनी, डोळ्यांच्या भोवती नाही, पुटकुळीवर नाही. धुऊन टिपा, पुसू नका. लेप लगेच, आणि तो वाळून तडकायच्या आत काढा. मग क्रीम, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात भटकू नका. एका दिवशी दोन घासणी कधीच नाहीत, कोणी कितीही भारी ट्यूब दिली तरी. ही चिठ्ठी घेऊन बायका जायच्या आणि तरी परत यायच्या, कारण घरी बोटं कुठली आणणार? आता मात्र त्या गोड हसून म्हणायला लागल्या, "ताई, तुमच्या चिठ्ठीने घरीच इतकं छान होतं की..." गणिताच्या बाईही तेच म्हणाल्या. वहिनीला चिठ्ठीचा अभिमान वाटला. एकीनेही तिला सांगितलं नाही की तुमचा हात लागतो. सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं. माझ्यासकट.

मी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. दर शनिवारी ठरवायचे. रविवारी दुपारी ती चादर झटकून माझी वाट बघायची आणि ठरवलेलं सगळं विरघळायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त बुक्क्यांच्या जागी साखर. सोमवारी ऑफिसात गाल लाल बघून कोणी विचारलं तर म्हणायचे, ऊन लागलं. आणि आतलं खरं कारण सांगू? तिला वाईट वाटेल हे तर होतंच, पण सांगितलं असतं तर रविवार बंद झाला असता. मला तो दुखरा का होईना, पण हवा होता.

मग ठकी आली.

ठकी माझी भाची, वहिनीची एकुलती एक लेक. दुसऱ्या शहरात हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी राहते. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून ठकी, आणि सव्वीस वर्षांची झाली तरी ठकीच. विमानात काम करायचं हे तिचं शाळेपासूनचं वेड. दोन वेळा नापास झाली होती. या वेळी दोन फेऱ्या पार करून शेवटच्या फेरीला पोचली, आणि ती फेरी आमच्याच शहरात, सोमवारी सकाळी. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडणार, म्हणजे ही शेवटची संधी. पत्रात कपड्यांबद्दल, उंचीबद्दल लिहिलेलं, आणि एक ओळ अशी की चेहऱ्यावर ठळक डाग, चट्टे, जखमा नसाव्यात. ठकीने ती ओळ आम्हाला तीनदा वाचून दाखवली.

शनिवारी सकाळी तिने पिशवी टाकली आणि म्हणाली, "आई, मैत्रिणीने ही ट्यूब दिलीय. घासणं आणि मास्क एकातच आहे म्हणे. पण मला तुझ्या हातचंच पाहिजे."

वहिनीने ट्यूब उलटीपालटी करून पाहिली, चष्मा लावून वाचली आणि कपाटावर ठेवून दिली. "दोन कामं एकजण करतो तेव्हा दोन्ही अर्धवट करतो. दुपारी बस खुर्चीत. सोमवारचं काम आहे ना, मग आजच करायचं. आदल्या दिवशी चेहऱ्याला हात लावत नाहीत."

तिचा चेहरा इतका उजळला होता की माझ्याकडून बघवेना. तीन आठवडे त्या खुर्चीत माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं.

मी काय केलं ते ऐका आणि हसा. मी साखर लपवली. डबा उचलून माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे. साखर नाही तर घासणं नाही, नुसता लेप लावेल, आणि नुसत्या लेपाने कोणाचं वाकडं होत नाही. दादाने बिनसाखरेचा चहा पिऊन रेडिओला शिव्या घातल्या. वहिनीने मात्र "कालच भरली होती की" म्हणत शेजारून वाटीभर साखर आणली. मग मी दादाचं घड्याळ उतरवलं आणि पुढच्या खोलीत जुन्या खिळ्याला टांगलं. म्हटलं, "वहिनी, ठकीची कातडी नाजूक आहे. दोन मिनिटं धर, जास्त नको."

वहिनीने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती रागावली की मला "वन्सं" म्हणते आणि अहोजाहो करते. एरवी मी तिची "तू" असते.

"वन्सं, तुम्ही मला शिकवताय?"

आणि घड्याळ उतरवून तिने माझ्या हातात दिलं.

ते घड्याळ छातीशी धरून मी दारात उभी राहिले. दांडा ओढला, खुर्ची खटकन मागे पडली, ठकी खदखदून हसली. टॉवेल झाला. वहिनीने वाटीत दोन बोटं बुडवली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी घड्याळात बघत होते. एक मिनिट. दोन. ठकीचं हसू थांबलं. अडीच.

"आई, जरा जोरात होतंय का गं?"

वहिनीचे हात थांबले. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तशी ती कधी बघत नाही. सरळ, आणि काहीतरी मागत असल्यासारखी.

"जोरात होतं का गं माझं? चार महिने तुझंच तर करतेय. तू सांग."

हीच ती वेळ. वर्षानुवर्षं लोकांच्या अर्जांवर मी लिहिते, "माहिती खरी द्यावी." आणि माझं तोंड उघडलं आणि त्यातून सोळा रविवारांची सवय बाहेर पडली.

"नाही गं. छान वाटतं."

मला ऐकू आलं मी काय बोलले ते. तोंडातून सुटल्यावर ऐकू आलं. वहिनीच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, तिने मान हलवली आणि लेकीला म्हणाली, "बघ, आत्याला विचार. तुम्हा आजकालच्या मुलींना हाताची सवय नाही. चार फेरे राहिलेत." ते चार फेरे मी मोजले. माझ्या डोळ्यांसमोर झाले. मी "पुरे" म्हणाले, पण इतक्या हळू की ते दादाच्या रेडिओत बुडालं.

लेप लागला तसा ठकीचा श्वास अडकला. तिने काही सेकंद सोसलं, मग पाय झाडले आणि किंचाळली. मी घड्याळ टाकून पाण्याकडे धावले. काच फुटली, कोणी बघितलं नाही. लेप उतरला तेव्हा दोन्ही गालांवर दोन गोल पट्टे होते, बोटांच्या वाटेने गेलेले, लालभडक, आणि उजव्या गालावर बारीक बारीक ठिपके ओले होत होते. ठकी आरशात बघत होती. रडलीही नाही. वहिनी आपली दोन बोटं दिव्याकडे धरून बघत उभी होती.

रविवारी खपल्या धरल्या. सोमवारी सकाळी ठकीने त्यांवर जे काही लावता येतं ते सगळं लावलं, आणि रंग खपल्यांच्या कडेला जमून जास्तच दिसायला लागला. तरी गेली. तासाभरात परत आली. आत घेतलंच नाही. दारातल्या बाईने चांगल्या शब्दांत सांगितलं की त्वचा बरी झाली की पुन्हा अर्ज करा. वय तिने विचारलं नाही.

संध्याकाळी निघताना ठकीने आईला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझं काही नाही गं चुकलं. मी येण्याआधी दोन दिवस ती ट्यूब लावली होती तिकडे. तुला सांगायचं राहिलं. त्यानेच झालं असणार."

वहिनीने कपाटावरून ट्यूब काढली, झाकण उघडलं. तोंडावरचा चंदेरी कागद जसाच्या तसा होता. तिने तो बघितला, मीही बघितला. झाकण लावून तिने ट्यूब लेकीच्या पिशवीत ठेवली. "बरं," ती म्हणाली, "पुढच्या वेळी विचारून लावत जा."

दोन दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनीच्या मनगटावर टिचक्या मारल्या, बोटांच्या टोकांना टोचून विचारलं, इथे लागतं का, इथे? मनगटात नस दाबली गेली आहे, बरीच वर्षं, ते म्हणाले. एकच हालचाल सतत करणाऱ्यांना होतं. आधी आला असतात तर. आता ऑपरेशनने पुढे वाढायचं थांबेल कदाचित, गेलेली जाणीव येईलच असं नाही. वहिनीने विचारलं, "कोणती बोटं?" त्यांनी अंगठा आणि पुढची दोन दाखवली. तिने मान हलवली, जणू तिलाच माहीत होतं ते त्यांनी बरोबर ओळखलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी सवयीने पुढच्या खोलीत गेले. चादर घडी घालून ठेवलेली. वहिनी खुर्चीच्या पायरीवर बसली होती, मनगटाला पट्टा. मी म्हटलं, "वहिनी, मला बोलायचंय."

"आता?" ती म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. तिला कळलं होतं, माझ्याआधी. मुंग्या येत होत्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. म्हणून तिने टोमॅटो आणले आणि आम्ही घरी नसताना घासून बघितले. फाटायला लागले. "पण म्हटलं, टोमॅटो काय, आजकाल सालीच पातळ येतात. टोमॅटो बोलत नाही ना गं. म्हणून मग तुझ्यावर ठेवलं. म्हटलं, ही कारकून, हिला सुईइतकं टोचलं तरी घर डोक्यावर घेते. ही ओय म्हणाली की त्या दिवशी दुकान बंद. दर रविवारी मी विचारत होते. विचारत होते की नाही?"

"विचारत होतीस."

"मग वन्सं, तुम्ही ओय का नाही म्हणालात?"

उत्तर होतं, वर लिहिलंय, पण तेही मी तिला सांगितलं नाही. इतके दिवस मी मनात म्हणत होते, मी तिला सांभाळते. ती म्हणत होती, ही सांगेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ आम्ही दोघींनी मिळून झाकली आणि ती ठकीच्या गालावर उघडली.

ती रडली नाही, म्हणून मी रडले. मग तिने मला चार टोमॅटो आणून दिले आणि म्हणाली, "रडून झालं की हे घे. तुझ्या बोटांना तरी लागतं ना?"

त्याला तीन आठवडे झाले. मी रोज ऑफिसातून आले की टोमॅटो घासते. वहिनी शेजारी बसून सांगते, हलकं, अजून हलकं, बोटाचं वजन टाकू नको, बोट नुसतं ने. साल फाटायच्या आधी काहीतरी बदलतं ना, ते शोध. मी शोधते. मला काहीच बदललेलं कळत नाही, आणि मग साल फाटते. जिला कळतं तिला लागत नाही, आणि जिला लागतं तिला कळत नाही. दादा पुन्हा टोमॅटो खातो. या रविवारी सकाळी एक फाटला नाही. तो नशिबाने वाचला हे मला ठाऊक आहे, पण वहिनीने तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "चल."

आणि ती खुर्चीत बसली. एकतीस वर्षांत ती त्या खुर्चीत पाठ टेकून कधी बसली नव्हती. दांडा मी ओढला. खटकन पडल्यावर तीही "अगं आई गं!" म्हणाली, आणि आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो. चादर तिला तोकडी पडली. केसांना पट्टी बांधताना मला दिसलं, तिच्या कपाळावर एक जुना पांढरा व्रण आहे. इतकी वर्षं एका घरात, आणि तिचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता.

टॉवेल. दोन बोटं. गोल गोल.

"आता थांबू?"

"अजून नाही."

"आता?"

तिने डोळे मिटले होते. मी आणखी दोन फेरे घेतले आणि माझ्याच मनाने थांबले. धुतलं, टिपलं, पुसलं नाही. लेप ब्रशने लावला, हनुवटीपासून वर, तिने शिकवला तसा.

"कसं वाटतंय, वहिनी?"

"छान वाटतंय."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. खाली बघितलं. तोकड्या चादरीबाहेर तिचे पाय होते, आणि दोन्ही अंगठे आत वळले होते.

मी पाण्याचा मग उचलला आणि लेप धुवायला लागले.

"अगं, आत्ता तर लावलास," वहिनी म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत.